चौदा आणे

प्रश्न: वय वाढल्यावर असं काय कळलं, जे पंचविशीत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचं वय २६, नोकरी पुण्यात. घरी सगळे ‘घाई करू नकोस’ म्हणतात आणि ऑफिसात सगळे ‘वेळ घालवू नकोस’ म्हणतात, तर खरं कुणाचं? मला मूळ प्रश्नापेक्षा हा खालचाच जास्त आवडला, म्हणून लिहायला बसलो.

मी दापोली तालुक्यातला, अगदी किनाऱ्यावरच्या गावचा. वीज मंडळात ३४ वर्षं वायरमन होतो, २०१६ साली निवृत्त झालो. मंडळाची २००५ मध्ये महावितरण झाली, पण गावात मी अजून ‘बोर्डातला’च आहे. घरामागे नारळ-सुपारीचं आगर आणि वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चाळीसेक हापूसची कलमं. वय सदुसष्ट. उपदेश करण्याइतका शहाणा नाही हे पुढं वाचलंत की कळेलच.

आमच्या वडिलांनी मला दोन हिशेब शिकवले. पहिला भरतीचा. तिथीची पाऊणपट करायची, झालं. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. साधारण त्या वेळेला समुद्र पुरता भरलेला असतो, दिवसाही आणि रात्रीही. थोडंफार इकडं-तिकडं. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती बेताची. शाळेत पाऊणकीचा पाढा पाठ असेल तर घड्याळही लागत नाही.

दुसरा हिशेब आंब्याचा. आंबा किती तयार झाला ते आमच्याकडे आण्यांत सांगतात. बारा आणे तयार, चौदा आणे तयार, सोळा आणे म्हणजे पुरता. गंमत बघा, आणा हिशेबातून गेला १९५७ च्या एप्रिलात, मी जन्मलो १९५८ ला. म्हणजे मी बाजारात आण्यांनी काही घेतलेलं मला आठवत नाही, पण माझा मुलगा, जो बेलापूरला कॉम्प्युटरवर काम करतो, तोही आंबा हातात घेतला की ‘बाबा, अजून बाराच आणे’ म्हणतो. या हिशेबाला पाढा नाही. देठाशी खळगा पडून खांदे वर आलेत का, गाल भरलेत का, सालीचा गडद हिरवा रंग निवळलाय का, हे बघायचं. शंका आली तर बादलीत टाकायचा. बुडला तर तयार, तरंगला तर कोवळा. वडील बादलीपर्यंत कधी गेले नाहीत. नुसता अंगठा फिरवायचे.

मला वाटायचं की जगात सगळं पहिल्या हिशेबासारखं असतं. वय इतकं झालं की लग्न, इतकं झालं की घर, इतक्या वर्षांनी बढती.

१९८६ ची गोष्ट. वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बोरिवलीला आत्याकडे गेलेले. शिमगा होऊन गेला होता आणि पाडव्याच्या आधी माल मुंबईत पोचला तर भाव दुप्पट, असं मला एकानं सांगितलं. मी रजा टाकली, दोन गडी लावले आणि झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, अठरा पेट्या आंबा उतरवला. खांदे-बिंदे कोण बघतो! फळ मोठं दिसलं की काढ. पेंढा घालून पेट्या भरल्या, वर खिळे मारले, ट्रकवर चढवल्या. तेव्हा फळबाजार क्रॉफर्ड मार्केटला होता, वाशी नंतर. पंधरा दिवसांनी दलालाची हिशोबपट्टी आली. हमाली, तोलाई, भाडं, अडत वजा जाता अठरा पेट्यांचे एकशे बारा रुपये, आणि खाली शाईनं दोन शब्द: ‘माल कोवळा.’ घरी ठेवलेल्या दोन डझनांची आढी, म्हणजे पिकायला पेंढ्यात घातलेली रास, मी उघडली तेव्हा मलाही दिसलं. पिकण्याऐवजी सुरकुतलेले, म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळीसारखे, आणि कापल्यावर आत पांढरट, आंबटढाण.

वडील परत आले, त्यांनी ती पट्टी वाचली आणि बाकीच्या पावत्यांबरोबर तारेत ओवली. बोलले काहीच नाहीत. ती तार ओटीवर खुंटीला असायची. पुढची कितीतरी वर्षं वरच्या पावत्या वाढत गेल्या, पण वारा आला की ती एक कशी कोण जाणे बाहेर डोकवायची.

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. म्हटलं, यंदा एकही फळ कोवळं काढायचं नाही, सोळा आणे होऊ दे. वडील म्हणाले, “चौदाला काढ.” मी म्हटलं, थांबतो ना, पूर्ण होऊ दे. फळं दिसायला अशी सुंदर आली की त्यातली पहिली पेटी मी आमच्या साहेबांच्या घरी नेऊन दिली. बढतीचे दिवस होते. साहेबांनी माझ्यासमोर हौसेनं पहिला आंबा कापला. वरून केशरी, आतून कोयीभोवती पांढरा, रबरासारखा साका. दुसरा कापला, साका. तिसरा वहिनींनी कापू दिला नाही.

साका का पडतो याची कारणं शास्त्रज्ञ बरीच सांगतात, सड्याच्या तापल्या कातळाची धगसुद्धा त्यात येते. पण झाडावर जास्त पिकू दिलेल्या फळात तो जास्त सापडतो, हे बागायतदाराला शास्त्रज्ञाच्या आधीपासून माहीत आहे. आणि बाहेरून तो ओळखता येत नाही, हीच त्याची खोड. म्हणून चौदा आण्यांना काढायचा, उरलेले दोन आणे आढीत होतात.

आता तुम्ही म्हणाल, हा आंब्याचं काय घेऊन बसलाय. तर ऐका.

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. घरं शेजारी, मधे चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. २००४ साली गडगा एका पावसात पडला आणि अण्णानं तो परत घातला तो माझ्या बाजूला दीड हात सरकवून. असं माझं म्हणणं. मूळ तिथंच होता, असं त्याचं. मोजणी झाली, त्यानं मान्य केली नाही. दिवाणी दावा झाला. दीड हातात पाच पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आणि एक अननसाचं बेट होतं. वकिलाला मी जेवढे दिले तेवढ्यात आगर विकत आलं असतं, आणि हे मी विनोदानं म्हणत नाही, वहीत लिहिलेलं आहे.

बोलणं बंद झालं ते अठरा-एकोणीस वर्षं. गणपती आमचा एकच, मूळ घरात. आरतीला दोघंही उभे राहायचो, तो खांबाच्या अलीकडं, मी पलीकडं. आरती झाली की तो ताम्हन फिरवायचा. माझ्यापाशी आला की माझ्या मुलाच्या हातात द्यायचा आणि मुलगा माझ्यापुढं धरायचा. मधे एक माणूस लागायचाच. एका वर्षी मुलाला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा अण्णानं ताम्हन पाटावर ठेवलं आणि मी ते उचललं. मुंबईहून आलेली पोरं हसत होती.

या सगळ्या काळात मनात माझं ठरलेलं होतं की अण्णा आधी बोलला तर मी बोलेन. चूक त्याची, पहिला शब्द त्याचा. सोळा आणे झाल्याशिवाय मी हात लावणार नव्हतो.

३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या दापोली-मंडणगडलाही त्यानं सोडलं नाही. दुपारी आम्ही माजघरात बसून होतो आणि मागं आगरात पोफळी मोडत होत्या. माड उन्मळून पडतो तेव्हा धप्प होतं. पोफळ मधेच काडकन मोडते, आणि शंभर मोडत असल्या की हिशेब ठेवता येत नाही. संध्याकाळी बाहेर पडलो तर आगरातून थेट समुद्र दिसला. जन्मात कधी दिसला नव्हता. माझी एक पोफळ गडग्यावरून जाऊन अण्णाच्या पडवीवर आडवी, कौलं फुटलेली. वीज नाही, फोन नाही. मी कोयता घेतला आणि त्याच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, गेलो. आतून वहिनीचं खोकणं ऐकू येत होतं. अण्णा पाठमोरा, कौलांचे तुकडे घमेल्यात भरत होता. त्यानं वळून बघितलं असतं तर मी आत गेलो असतो. नाही बघितलं. मी आलो परत.

तेव्हा चौदा आणे झाले होते. मला कळलं नाही, असंही म्हणता येत नाही. अंगठा फिरला होता.

तीन वर्षांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, एका रात्री अण्णा जेवताना म्हणाला की उजवा हात जड झालाय. जीभही अडखळत होती. घरात म्हणाले, दमलाय, झोपू दे, सकाळी बघू. सकाळपर्यंत उजवी बाजू गेलेली. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आमच्याकडून मोठ्या दवाखान्यात पोचायलाच किती वेळ जातो ते रस्ता माहीत असलेल्यालाच कळेल. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं बोबडं झालं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन लावायचा आणि निघायचं. ही एक गोष्ट मात्र भरतीच्या हिशेबातली आहे. इथं बघू-थांबू नाही.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी गेलो. या वेळी बेड्यापाशी थांबलो नाही. अण्णाची वाचा गेली होती. त्याला सगळं समजत होतं, पण शब्द येत नव्हता. मी खुर्ची ओढून बसलो आणि काय बोलावं ते मलाही सुचेना. इतकी वर्षं मनात भाषणं तयार केलेली, त्यातलं एक आठवलं नाही. तो माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला आणि एकदम स्पष्ट म्हणाला, “मेल्या!”

डॉक्टर म्हणाले, असं होतं, बाकी भाषा जाते आणि तोंडात रुळलेली शिवी तेवढी राहते. आता कोकणातला माणूस मेल्या कुणालाही म्हणतो. पोराला लाडानं म्हणतो, बैलाला म्हणतो, दावा लावणाऱ्या चुलतभावाला तर म्हणणारच. त्या दिवशी त्यानं मला कुठल्या अर्थानं म्हटलं हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. आमच्या हिला वाटतं, लाडानं. ती पहिल्यापासून त्याच्या बाजूची. दावा मी काढून घेतला. गडगा आहे तिथंच आहे, दीड हात सरकलेला. (सरकलेलाच आहे, यात मला शंका नाही.)

बाकी वयानं काय शिकवलं म्हणाल तर किरकोळ. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद ‘करू सावकाश’ म्हणून एकोणीस वर्षं ठेवली आणि आता उताऱ्यावर एकतीस नावं आहेत, त्यातले सहाजण मी बघितलेले नाहीत. तेवढं तुम्ही वेळेत करा. ऐकायला कमी येतं हे मान्य करायला मला चार वर्षं लागली, यंत्र लावायला पंधरा मिनिटं.

आणि वय झालं म्हणून घाई सुटते असं समजू नका. वादळानंतर पावसाळा लागला तसा मी इरेला पेटून चाळीस पोफळीची रोपं लावली. हिनं सांगितलं, “अहो, आधी केळी लावा, सावली होऊ द्या. वरचं छप्पर सगळं गेलंय.” मी म्हटलं, मी बासष्टचा, पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, केळीची वाट कधी बघू? ऑक्टोबरच्या उन्हात अडतीस रोपं करपली. दुसऱ्या वर्षी आधी केळी लावल्या, मग रोपं. ती आता माझ्या डोक्याच्या वर गेलीत, तीन-चार झाडांना पहिले घोस दिसतायत.

तर तुमच्या घरचे आणि ऑफिसातले, दोघंही पाढा म्हणतायत. तुम्ही फळ हातात घेऊन बघा, ते नोकरीचं असो नाहीतर माणसाचं. मला विचारू नका किती आणे झालेत, मला इथून दिसत नाही.

सध्या हंगामाची सुरुवात आहे. अण्णाच्या खिडकीसमोर एक जुनं कलम आहे, त्याचा आंबा आता मीच उतरवतो. आज सकाळी झेल्यानं एक फळ काढलं, मला चौदा वाटलं. खिडकीतून आत दिलं. त्यानं डाव्या हातात घेतलं, देठापाशी अंगठा फिरवला आणि म्हणाला, “मेल्या!”

मी फळ बादलीत टाकलं. तरंगलं. चार दिवस थांबतोय.