मॉर्गेजमध्ये मेलं कोण?

प्रश्न : घरासाठी कर्ज घेतोय. बँकेच्या कागदांवर ‘मॉर्टगेज’ शब्द आहे. मुलगी म्हणते, ‘मॉर्ट’ म्हणजे मेलेलं. आईनं तेव्हापासून सहीचा धसकाच घेतलाय. यात खरं किती? आणि सगळे ‘मॉर्गेज’च का म्हणतात?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मुलगी बरोबर सांगतेय. लॅटिन ‘मॉर्टुअस’ म्हणजे मृत, त्यावरून फ्रेंच ‘मॉर’. ‘गाज’ म्हणजे तारण. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, पुढे तिथल्या कोर्टांत फ्रेंच रुळली आणि तिच्याबरोबर हा शब्दही. आधी तो ‘ट’शिवायच लिहीत. लॅटिन मूळ दिसावं म्हणून ‘ट’ नंतर घातला, पण तो कागदावरच राहिला.

मग मेलं काय? इंग्लंडचे न्यायाधीश एडवर्ड कोक यांच्या 1628 मधल्या ग्रंथात दिलंय, कर्ज फिटलं नाही तर जमीन कर्जदाराला मेली, फिटलं तर सावकाराला मेली. वकिलांना हेच पाठ असतं. मला मात्र त्याआधी चारेकशे वर्षांपूर्वीचा, ग्लॅनव्हिल यांच्या नावानं चालणाऱ्या इंग्लिश कायद्याच्या ग्रंथातला अर्थ पटतो. समजा, काटोलकडचा संत्र्याचा बगीचा सावकाराकडे ताबेगहाण आहे, म्हणजे ताबाही त्याच्याचकडे. मृग बहाराचे पैसे त्यानं कर्जातून वळते केले, तर ते जिवंत तारण. स्वतः ठेवले, तर मृत. झाडं लदलद लागतात आणि मुद्दल जागचं हलत नाही! त्या ग्रंथानं याला पाप म्हटलंय, पण राजाच्या कोर्टात मनाई नव्हती. जुन्या गहाणखतात ‘उत्पन्न व्याजापोटी घ्यावे’ अशी ओळ दिसली, की आजही माझं पित्त खवळतं. पिढ्यान्‌पिढ्या शेतं अडकली ती याच ओळीत.

तुमचं तसं नाही. ताबा तुमचाच, हप्त्यातून मुद्दलही फिटणार. जुने लोक याला नजरगहाण म्हणत. आईंना हेही सांगा, की ‘एंगेजमेंट’मध्ये हाच ‘गेज’ आहे. तो मुळात जर्मानिक भाषांतला, वचनापोटी ठेवलेली वस्तू. पगाराचा ‘वेज’सुद्धा त्याच घराण्यातला.

शब्दापेक्षा शेवटच्या हप्त्यानंतरची काळजी घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं मूळ कागद 30 दिवसांत परत मिळायला हवेत. ते बँकेला दिलेल्या कागदांच्या यादीशी ताडून घ्या आणि आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) बोजा चढला असेल, तर तोही उतरवून घ्या.