तिरक्या रेघेखालचा एफ

प्रश्न : ए मायनरमधल्या एका गाण्याच्या कागदावर ‘डीएम६/एफ’, मग ई-सेव्हन आणि मग ए मायनर असं लिहिलंय. मी पहिल्याच्या जागी नुसता डी मायनर वाजवतो. चुकीचा लागत नाही, पण फिका वाटतो. हा सिक्स कुठला आणि रेघेपुढे एफ कशाला?

उत्तर : तुमचा कान बरोबर सांगतोय. डी मायनरमध्ये डी, एफ, ए हे सूर; सिक्समध्ये त्यांना बी येऊन मिळतो. डीला सा धरलंत तर सा, कोमल ग, प आणि शुद्ध ध. इथे बरेच जण घसरतात. कॉर्ड मायनर म्हणून धैवतही कोमल घेतात. मायनर आहे तो गंधारामुळे; धैवत शुद्धच.

रेघेपुढचं अक्षर म्हणजे सगळ्यांत खाली वाजणारा सूर.

आता गिटार हातात घ्या. तर्जनी सहाव्या, जाड तारेच्या पहिल्या फ्रेटवर ठेवा. हा एफ. त्याच बोटाचा हलका स्पर्श पाचवीला होऊ द्या, ती वाजायला नको. चौथी मोकळी, तिसरीच्या दुसऱ्या फ्रेटवर मधलं बोट, दुसरी मोकळी. पहिली छेडूच नका, नाहीतर ई घुसतो. अंगठ्याने सहावी आणि तीन बोटांनी चौथी, तिसरी, दुसरी एकदम छेडा : एफ, डी, ए, बी.

मग मधलं बोट काढा, तर्जनी तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर आणा आणि त्याच चार तारा छेडा : ई, डी, जी शार्प, बी. झाला ई-सेव्हन! डी आणि बी जागचे हललेच नाहीत. एफ आणि ए तेवढे अर्धा-अर्धा सूर खाली उतरले. मला ही जागा फार प्रिय आहे. विद्यार्थ्यांकडून मी ती अगदी सावकाश, दोन्ही उतरणारे सूर गुणगुणत वाजवून घेतो. नुसत्या डी मायनरमध्ये खर्ज डीवरून ईवर चढतो आणि बी नसतोच, म्हणून ती ओढ लागत नाही.

याच चार सुरांत बी खाली आला की कागदावर ‘बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह’ लिहिलेलं दिसेल. तिथेही पुढे ई-सेव्हन असेल तर हीच पकड बेलाशक वापरा. सोबत बासवाला असेल तर खालचा एफ त्याला देऊन तुम्ही वरच्या तीन ताराच वाजवा.