अख्खी वर्णमाला नको, एक शब्द निवड

प्रश्न : ताई, मी सांगलीत अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एकच टाइपफेस दाखवणारं पोस्टर करायचंय, साइज ए२, दुसरा फॉन्ट नाही, फोटो नाही. मी मुक्ता हा देवनागरी फॉन्ट घेतलाय. अ ते ज्ञ सगळं मांडलं, खाली आकडे टाकले, पण ते बालवाडीतल्या तक्त्यासारखं दिसतंय. काय ठेवू, काय काढू?
– एक विद्यार्थिनी, विश्रामबाग

उत्तर : सगळी अक्षरं काढून टाक, खरंच. इंग्रजी टाइपफेसला ए टू झेड चालून जातं कारण तिथली अक्षरं बहुतेक वेळा शब्दातही तशीच राहतात, आपल्याकडं मात्रा लागली, जोडाक्षर झालं की अक्षराचं रूपच बदलतं, म्हणजे देवनागरी फॉन्ट करणाऱ्याची निम्मी मेहनत वर्णमालेत दिसतच नाही. ती शब्दात दिसते.

मग शब्द आपल्या भागातलाच घे ना. कऱ्हाड! त्यातला ऱ्ह बघ, हा र चा अर्धा आकार मराठीला लागतो, हिंदीला लागत नाही, त्यामुळं काही फॉन्टात तो जुळतच नाही, सरळ पाय मोडलेला र येतो. कृष्णा मधला कृ आणि ष्ण बघ, तुझ्याच पत्त्यातल्या विश्रामबागमधला श्र बघ. तिन्ही शब्द मुक्तामध्ये टाइप करून मोठे प्रिंट काढ, भिंतीला लाव, लांबून बघ आणि ज्याच्यावर नजर थांबते तो एकच ठेव. मला विचारशील तर कऱ्हाड, आणि ऱ्ह एवढा मोठा कर की कागदाच्या कडेला थोडा कापला जाईल, शिरोरेषा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ दे, पोस्टर तिच्यावरच उभं राहील.

एकच टाइपफेस म्हणजे एकच जाडी असं नाही हं. मुक्ताची सात वजनं, म्हणजे जाड्या आहेत, एक्स्ट्रालाइट ते एक्स्ट्राबोल्ड. सातही लावू नकोस, सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक दोनच पुरे. बारीक वजनात टाइपफेसचं नाव आणि तो बनवणाऱ्यांचं ‘एक टाइप, मुंबई’ हे श्रेय टाक, ते विसरायचं नाही.

ल आणि श सुद्धा तपास. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवलेत, हिंदी वळणाचे ल आणि श वेगळे दिसतात. पुढं कधी या फरकावरच पोस्टर करावंसं वाटलं तर टिरो देवनागरी हा टाइपफेस बघ, त्याची मराठी, हिंदी, संस्कृत अशी वेगवेगळी रूपं आहेत, शेजारी शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो.

अक्षरांमधलं अंतर म्हणजे ट्रॅकिंग अजिबात वाढवू नकोस, शिरोरेषा तुटते. दोन ओळी असतील तर लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर सढळ ठेव, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू कर आणि मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत साउथ एशियन कंपोझर निवड. प्रेसला फाइल देताना अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे कर्व्ह करून, मजकुराचे नुसते आकार बनवूनच दे, तिथल्या मशीनवर मुक्ता असेलच असं नाही, आणि एडिट करता येणारी कॉपी स्वतःकडं वेगळी ठेव. फ्लेक्सवर काढू नकोस, बारीक वजन त्यात मरतं, मॅट कागदावर डिजिटल प्रिंट घे.