पेशीतील कॅल्शियम दाखवणारा रेणू

प्रश्न : चमकणारे रंगद्रव्य पेशीत सोडून कॅल्शियम मोजतात, पण ते कुठे जास्त, कुठे कमी शिरले तर मोजमाप चुकणार नाही का?
(एम.एस्सी.चा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सियेन यांच्या गटाने १९८५ मध्ये मांडलेला ‘फ्युरा-२’ हा रेणू याच अडचणीवरचा तोडगा होय. कॅल्शियम जोडलेला रेणू ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाने अधिक उजळतो, तर मोकळा रेणू ३८० नॅनोमीटरच्या. त्यामुळे दोन्ही तरंगलांबी आळीपाळीने टाकून ५१० नॅनोमीटरजवळ मिळणाऱ्या प्रकाशाचे गुणोत्तर काढले, की रंगद्रव्य किती शिरले याचा परिणाम बव्हंशी गळून पडतो.

मला मात्र खरे कौतुक वाटते ते ‘फ्युरा-२’मधील कॅल्शियम पकडणाऱ्या भागाच्या रचनेचे. ‘ईजीटीए’ या कॅल्शियम पकडणाऱ्या जुन्या रेणूची पकड आम्लतेतील किरकोळ बदलानेही ढळत असे. त्सियेन यांनी त्यात बेंझिनची वलये गुंफून ‘बाप्टा’ हा भाग घडवला, ज्याला पेशीतील नेहमीच्या आम्लतेला प्रोटॉन फारसे चिकटत नाहीत, आणि हजारो पटींनी अधिक असलेले मॅग्नेशियमही ज्याला सहसा फसवत नाही.

ऋणभारित रेणू पेशीपटल ओलांडत नाही, म्हणून त्याचे भार एस्टर गटांनी झाकतात. आत विकरे (एन्झाइम) ते गट तोडतात आणि रेणू तिथेच अडकतो. यासाठी लागणारा अतिनील प्रकाश पेशींना सोसत नाही, ही उणीव मात्र राहतेच.