स्ट्रॅटचा ब्रिज बसत नाहीये? ड्रिलला हात लावू नका, लावूही देऊ नका

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. स्क्वायर अ‍ॅफिनिटी स्ट्रॅट (स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार), आवाज पातळ वाटतो म्हणून स्टीलच्या ब्लॉकचा ट्रेमोलो (तारा अडकवायचा हलणारा ब्रिज, ब्लॉक म्हणजे त्याच्या खालचा धातूचा ठोकळा) आणि ब्रिजजवळच्या पिकअपच्या जागी हंबकर (दोन कॉइलचा पिकअप; पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) मागवला. आता सहा स्क्रूंपैकी मधले दोनच जेमतेम भोकांवर येतायत आणि दुकानदार म्हणतोय, "आणून टाका, बसवून देतो." हे शेवटचं वाक्य मी अगदी याच शब्दांत ऐकलंय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. तारा उतरवणं, सोल्डरिंग वगैरे तुम्हाला येत असणार, त्यात जात नाही.

सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये मुख्य मापं दोन. जुन्या अमेरिकन पद्धतीत पहिल्या स्क्रूच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत अंतर साधारण ५६ मिमी असतं, आशियात बनणाऱ्या बऱ्याच गिटारांत ५२.५. विकणारे दोन्हींखाली 'स्ट्रॅटसाठी' एवढंच लिहून मोकळे. शिवाय ब्लॉकची उंची. पूर्ण जाडीच्या स्ट्रॅटची बॉडी ४५ मिमीच्या आसपास असते, अ‍ॅफिनिटीची त्याहून बारीक, ४० च्या घरात. त्यात ४२ मिमीचा ब्लॉक घातला की तो मागून डोकावतो, झाकण बसत नाही आणि पोटाला टोचतो. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला ५६ चा ब्रिज आलाय. परत पाठवा, परतीचा खर्च गेला तरी चालेल.

आता माझ्या गिटारचं काय झालं ते. दुकानाचं नाव विचारू नका, देणार नाही. मी ब्रिज आणि पिकअप बसवायला दिले, तेव्हा काउंटरवर मापाबद्दल विचारलं होतं. "स्ट्रॅट म्हणजे स्ट्रॅट, सगळं सारखंच असतं." भोकं जुळेनात तेव्हा एक फोन करायचा की नाही? नाही केला. जुन्या भोकांना चिकटून हँड ड्रिलने नवी पाडली. दोन-दोन भोकं एकमेकांत मिसळून लंबगोल झाली आणि सगळा ब्रिज जाड तारांच्या बाजूला सरकला. परिणामी एका बाजूला जाड ई तार फ्रेटबोर्डच्या काठावरून घसरणार, दुसऱ्या बाजूला बारीक ईच्या शेजारी गाडी लावायला जागा. दाखवायला गेलो तर उत्तर मिळालं, "लाकूड आहे साहेब, हवामानाने हलतं."

पण खरा फटका पुढेच. या खटपटीत मागच्या स्प्रिंगांच्या पट्टीला जोडलेली ग्राउंडची तार तुटली होती, ती कोणी जोडलीच नाही. अ‍ॅम्प लावला की सतत घूंऽऽ. त्यांचं निदान: पिकअप खराब. मला दुसरा पिकअप विकला, बसवण्याचे पैसे वेगळे, आवाज तसाच. मग बिलाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं दाखवलं की बदल केलेल्या वाद्याची जबाबदारी नाही. बदल कोणी केला होता? असो. मल्टीमीटरचं एक टोक ब्रिजला आणि एक जॅकच्या बाहेरच्या बाजूला लावलं असतं तर दहा सेकंदांत कळलं असतं. तिथे जवळपास शून्य ओहम यायला हवेत. मीटर नसेल तर गिटारच्या तारांना हात लावून बघा: घूं कमी झाली तर ग्राउंड जोडलेलं आहे, काहीच फरक पडला नाही तर आधी ती तार शोधा. पिकअपला दोष नंतर.

शेवटी भोकं एका फर्निचरवाल्या सुताराने नीट केली. लंबगोल भोकं ८ मिमीची गोल करून कडक लाकडाच्या खुंट्या सरसाने ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) दोन्ही ई खाचांतून दोरे ताणून ब्रिजची मधली रेघ काढली आणि मग आखणी. दुसऱ्या पिकअपपेक्षा कमी पैसे घेतले त्याने.

पिकअपबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. नुसत्या स्टील ब्लॉकने आवाजात पडतो त्यापेक्षा जास्त फरक पिकअपच्या उंचीने पडतो, आणि ती फुकट आहे. शेवटचा फ्रेट दाबून तारेच्या खालच्या कडेपासून चुंबकापर्यंत जाड बाजूला २ मिमी, बारीक बाजूला १.६ पासून सुरुवात करा. पिकअप फार वर आणले, विशेषतः अल्निको चुंबकांचे, तर चुंबक तारेला खेचतो आणि वरच्या फ्रेट्सवर सूर थरथरतो. लोक त्याला इंटोनेशनची (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येण्याची) गडबड समजून सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) फिरवत बसतात.

हंबकर बसवणारच असाल तर आधी पिकगार्ड (पुढचं प्लास्टिकचं पान) उचलून खाली लाकडात पुरेशी जागा कोरलेली आहे का बघा. नसेल तर सिंगल कॉइलच्या मापाचा हंबकर घ्या. मूळचे २५० के (किलोओहम) पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग, ठेवले तर हंबकर दबलेला वाटेल, व्हॉल्यूमला तरी ५०० के लावा. स्वस्त गिटारांतले पॉट लहान असतात, मोठ्यासाठी पिकगार्डचं भोक रुंदावावं लागेल, पण ते प्लास्टिक आहे, बिघडलं तर नवं मिळतं.

चार वायरींचा हंबकर असेल तर वायरींचा रंगतक्ता त्याच कंपनीचा वापरा. सेमूर डंकनमध्ये काळी हॉट (सिग्नलची), हिरवी ग्राउंड, लाल-पांढरी एकत्र. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी ग्राउंड, काळी-पांढरी एकत्र. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला की एक कॉइल उलटी जोडली जाते. आवाज बसल्या नाकाचा येतो आणि तुम्ही पुन्हा 'पिकअप खराब'पाशी येता.

मी इलेक्ट्रिशियन नाही, तरी एक सांगतो. काही जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो पण आत अर्थिंगच नसतं. घूं कमी करायला कोणी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढायला सांगितली तर ऐकू नका. इलेक्ट्रिशियन बोलवा.

आणि ब्रिज, पिकअप दोन्ही एकाच दिवशी बदलू नका, कशाने काय झालं ते कळणार नाही. सोल्डरसाठी २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न पॉटच्या पाठीला पुरत नाही, ५०-६० वॉटचा घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतो. आता स्क्रूंच्या भोकांचं अंतर आणि बॉडीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून इथे टाका, पिकगार्डखालचा फोटोही. तोवर दुकानदाराला 'बघून सांगतो' म्हणा.