कान शार्प, डोळे धूसर!

कॅमेरा-शंका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे, 'फोटो शार्प येत नाही'. नवी लेन्स घेण्याआधी तो फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करून पाहा. फोकस चुकला असेल तर विषयाच्या पुढे किंवा मागे काहीतरी शार्प सापडतंच. कॅमेरा हलला असेल तर सगळ्या फोटोभर कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या, कधी दुहेरी दिसतात. मागची भिंत स्वच्छ आणि माणूस तेवढा पुसट असेल, तर माणूस हललाय. दुखणं कोणतं ते ठरल्याशिवाय औषध शोधू नये.

प्रश्न : माझा डीएसएलआर (आरशाचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) क्रॉप सेन्सरचा, म्हणजे चित्र घेणारा सेन्सर लहान असलेला आहे. ५० मिमी एफ/१.८ लेन्सने नातीचे फोटो काढतो. दहापैकी सहा फोटोंत कान किंवा केस शार्प आणि डोळे धूसर येतात. लेन्स सदोष आहे का? (सांगली)

असू शकते, पण संशय तिच्यावर सगळ्यात शेवटी घ्या. दीड मीटरवरून एफ/१.८ ला, म्हणजे लेन्सचं भोक (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं असताना (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान), तुमच्या कॅमेऱ्यावर साधारण साडेसहा सेंटिमीटर जाडीचाच पट्टा शार्प येतो. म्हणजे फोकस केलेल्या जागेच्या पुढे-मागे जेमतेम तीन-तीन सेंटिमीटर. डोळ्यापासून कान त्याहून जास्त लांब असतो.

आता सवयीकडे या. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस धरायचा आणि मग कॅमेरा वळवून चौकट जमवायची, असं करत असाल तर चूक तिथेच होते. दीड मीटरवर कॅमेरा दहा अंश वळवला तरी शार्प पट्टा डोळ्यामागे सव्वादोन सेंटिमीटर सरकतो. त्यात तुम्ही श्वास घेताना सेंटिमीटरभर पुढे झुकलात की डोळा पट्ट्याबाहेर गेलाच. म्हणून आधी चौकट ठरवा, मग डोळ्याच्या सगळ्यात जवळचा फोकस पॉइंट स्वतः निवडा. पॉइंट निवडायचं काम कॅमेऱ्यावर सोडलं तर तो सहसा जवळची आणि ठळक वस्तू पकडतो. बहुतेकदा ती नाक किंवा फ्रॉकची झालर असते.

मूल एका जागी थांबत नाही, त्यामुळे फोकस सतत चालू राहणारा मोड लावा. निकॉनवर त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननवर एआय सर्वो. शटर १/२५० सेकंदाहून संथ ठेवू नका आणि अ‍ॅपर्चर एफ/२.८ किंवा एफ/४ ठेवा. एफ/४ ला पट्टा चौदा सेंटिमीटरच्या आसपास जातो. मागचा धूसरपणा थोडा कमी होईल, पण डोळे येतील. आमच्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

एवढं करूनही चुकतंच असेल तर तपासणी अशी करा. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा, त्यावर भरपूर उजेड पाडा. कॅमेरा ट्रायपॉडवर, पानाला समांतर, अडीच मीटरवर. एफ/१.८ ला व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) पाच फोटो काढा. प्रत्येक वेळी आधी फोकस रिंग फिरवून चित्र मुद्दाम बिघडवा. मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दिसणारं चित्र) लावून तसेच पाच. लाइव्ह व्ह्यूचे फोटो दर वेळी ठळकपणे शार्प असतील तरच दोष बॉडी-लेन्सच्या जुळणीचा. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरसाठी फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाखाली असतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस चित्र घेणाऱ्या सेन्सरवरूनच ठरतो. वरच्या श्रेणीच्या बॉडीत ही जुळणी मेनूमधून उणे २० ते अधिक २० अशी सुधारता येते. निकॉनच्या डी३५००, डी५६०० किंवा कॅननच्या १५००डी, २००डी मध्ये ही सोय नाही. तिथे बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला द्या. एकटी लेन्स दिली तर जुळणीचा प्रश्न राहतोच.

प्रश्न : भिगवणला ७०-३०० मिमी लेन्सने काढलेले फ्लेमिंगो १/१००० ला सुद्धा मऊ आलेत. हात स्थिर होते. वेळ सकाळी साडेअकरा. (पुणे)

वेळ लिहिलीत हे बरं केलंत. उजनी धरणाच्या पाण्यावर तोपर्यंत हवा तापून थरथरायला लागते. शंभर-दीडशे मीटरवरचा पक्षी त्या झळांतून पाहिला की पिसांचा तपशील विरघळतो, आणि त्यावर कोणत्याही शटर स्पीडचा उपाय नाही. ओळखायची खूण : एकापाठोपाठ काढलेल्या दहा फोटोंत शार्पपणा आणि पक्ष्याची बाह्यरेषा दर वेळी वेगळी दिसते. सूर्योदयापासूनचे पहिले दीड-दोन तास साधा आणि अंतर कमी करा. मात्र पक्षी उडतील इतकी होडी जवळ न्यायला नावाड्याला सांगू नका.

लेन्सची शहानिशा घरीच करा. सकाळी सावलीत, दहा मीटरवरच्या वर्तमानपत्रावर ३०० मिमीला एक फोटो एफ/५.६ ला आणि एक एफ/८ ला. या वर्गातल्या बऱ्याच झूम लेन्स टोकाला, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला मऊच असतात; एफ/८ ला फरक दिसेल. स्वस्त यूव्ही फिल्टर लावला असेल तर तो काढून तिसरा फोटो घ्या. लांब लेन्सपुढची ती सुमार काच पुष्कळदा खरी गुन्हेगार निघते.

प्रश्न : ट्रायपॉड, एफ/२२, आयएसओ १००, तरीही किल्ल्यावरची दृश्यं शार्प नाहीत. (नाशिक)

एफ/२२ सोडा. भोक फार लहान झालं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि एका बिंदूचा ठिपका होतो. एफ/१६ लाच हा ठिपका साधारण २१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, तर २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा एक पिक्सेल चार मायक्रॉनच्या आसपास. एफ/८ वापरा. १८ मिमीला एफ/८ वर दोन मीटरवर फोकस केलात तर एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प येतं.

ट्रायपॉडवर लेन्समधलं व्हीआर किंवा आयएस (हाताचं कंपन सावरणारी सोय) बंद करा. जुन्या लेन्समध्ये ते नसलेलं कंपन शोधत बसतं आणि चित्र हलवतं. दोन सेकंदांचा टायमर लावा. गडावरच्या वाऱ्यात ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका आणि कॅमेऱ्याचा पट्टा लोंबकळत ठेवू नका, तो शिडासारखा फडफडतो.

प्रश्न : पावसाळ्यानंतर सगळेच फोटो पांढुरके आणि फिके येतात. (रत्नागिरी)

ही बहुधा बुरशी. अंधाऱ्या खोलीत लेन्स बॉडीपासून काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर निदान पक्कं. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर काढल्यावर मिटतं. मागची छोटी पट्टी बोटाने सरकवून ते उघडावं लागतं. सुरुवातीची बुरशी साफ होते, पण उशीर केलात तर ती काचेवरचा लेप खाते आणि डाग कायमचे राहतात. लेन्स उघडायचं काम घरी करू नका.

पुढच्या पावसाळ्यासाठी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक पुरेत. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवा, मात्र स्वयंपाकाच्या कढईत नको. त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, आणि ते विषारी आहे. चामड्याची पेटी ओल धरते, तिच्यात लेन्स ठेवू नका.

प्रश्न : व्ह्यूफाइंडरमध्ये धूसर दिसतं, फोटो मात्र चांगला येतो. (बेळगाव)

व्ह्यूफाइंडरशेजारचं छोटं चाक, डायऑप्टर, फिरलंय. आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत फिरवा.

प्रश्न : कॅमेऱ्यात छान दिसणारे फोटो नातेवाइकांकडे पोचेपर्यंत फुटतात. (ठाणे)

व्हॉट्सअ‍ॅप फोटो आकसून पाठवतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाईल.