कोपरा उघडतोय, कोणता गोंद लावू?

प्रश्न : आजी-आजोबांचा १६ बाय २० इंचांचा फोटो मी घरीच फ्रेम केला. काळी प्लास्टिकची पट्टी आणून ४५ अंशांत कापली, लाकडाला लावतात तो पांढरा गोंद लावला आणि रात्रभर बांधून ठेवली. भिंतीवर लावल्यावर आठ दिवसांत खालचे दोन्ही कोपरे उघडले. मग झटपट चिकटणारा गोंद भरला, तर कोपऱ्याभोवती पांढुरकी साय धरली. काका, या पट्टीला नेमकं काय लावायचं?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे तो फोटो भिंतीवरून उतरवून ठेवा. काच सुटली तर फोटोच फाटतो. सुरुवातीच्या दिवसांत माझ्या हातून एका गिऱ्हाइकाचा लग्नातला फोटो असाच गेला. त्याची निगेटिव्हही नव्हती. तेव्हापासून कोपरा हातानं ओढून पाहिल्याशिवाय मी फ्रेम दुकानाबाहेर जाऊ देत नाही.

पांढऱ्या गोंदात पाणी असतं. लाकूड ते पिऊन घेतं आणि गोंद तंतूंमध्ये धरून बसतो. प्लास्टिक पाणी पीत नाही, त्यामुळे वाळल्यावर वर फक्त एक पापुद्रा राहतो.

बाजारातली बहुतेक हलकी पट्टी फेसाळ पॉलिस्टायरीनची असते, थर्माकोलच्याच जातीची, पण घट्ट दाबलेली. खात्री करायची असेल तर उरलेल्या तुकड्याच्या कापावर अॅसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर थेंबभर टाका. जागा लगेच चिकट झाली तर पॉलिस्टायरीन समजा. पट्टीच्या दर्शनी बाजूला मात्र हा थेंब लागू देऊ नका, रंग आणि चकाकी दोन्ही जातील. याच कारणानं टोल्युइनसारख्या द्रवानं प्लास्टिक विरघळवून जोडायची पद्धत मी घरी करू नका म्हणतो. भरीव पट्टीला ती उत्तम, पण फेसाळ पट्टीचा काप त्यानं आत बसतो, शिवाय त्याची वाफ वाईट आणि पेट घेणारी.

तुम्हाला फेविक्विकच्याच जातीचा, म्हणजे सायनोअॅक्रिलेट गोंद हवा, पण जेलसारखा घट्ट. पातळ गोंद फेसाच्या भोकांत मुरतो आणि सांधा कोरडा राहतो. तुमची ती साय म्हणजे जास्त झालेल्या गोंदाची वाफ. ती शेजारी बसून पांढरी होते, आणि कोकणातल्या दमट हवेत तर अधिकच. मऊ फडक्यावर खोबरेल तेलाचा थेंब घेऊन पुसा, बरीचशी दिसेनाशी होईल. पुढच्या वेळी प्रत्येक कापावर तुरीच्या डाळीएवढा एकच ठिपका लावा आणि पंखा मंद सुरू ठेवा.

जेल दाबल्यावर सरकवायला वेळ देत नाही. हात सवयीचा नसेल तर दोन नळ्यांचं अॅरल्डाइट घ्या. रात्रभर हलवू नका, एवढीच त्याची अट.

आधी मात्र जुना गोंद पूर्ण निघाला पाहिजे. काचेवर पॉलिश पेपर चिकटवा आणि चारही पट्ट्यांचे काप त्यावर सपाट घासा, समोरासमोरच्या पट्ट्या सारख्याच घासल्या जातील असं बघून. गोंद न लावता चौकट जुळवून गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावा. फटीतून उजेड दिसला तर पुन्हा घासा. इथे घाई करू नका, कारण फट गोंदानं भरलेला कोपरा पुढे तिथंच मोडतो. मग गोंद लावून चौकटीभोवती सुतळीचे दोन वेढे घ्या आणि काडीनं पीळ द्या.

आता खालचेच कोपरे का उघडले? २ मिलिमीटर काच चौरस मीटरला ५ किलो भरते, म्हणजे तुमची काच किलोभराची. ती सगळी खालच्या पट्टीवर उभी असते आणि ती पट्टी दोन कोपऱ्यांच्या जिवावर लटकते. एवढा भार वर्षानुवर्षं नुसत्या गोंदावर सोडू नये. दुकानात आम्ही मागून व्ही-नेल, म्हणजे सांध्यावर बसणारी व्ही आकाराची पत्र्याची खीळ, ठोकतो. तुम्ही घरी चारही कोपऱ्यांना मागून लोखंडी एल-पत्री बसवा. स्क्रू पट्टीच्या जाडीच्या निम्म्याहून लांब नको, आणि आधी बारीक भोक पाडा, नाहीतर पट्टी तडकेल. काचेऐवजी अॅक्रिलिक घातलंत तर वजन निम्म्याहून कमी होईल. दोरीच्या कड्या वरच्या पट्टीला न लावता उभ्या पट्ट्यांना लावा, वरून साधारण तिसऱ्या हिश्शावर.